बिनधुराचा बार

उत्कर्षनं माफी मागितली, आणि तिथून साधनाचं डोकं तापायला लागलं.

क्लिनिकमधला त्याचा दुसरा दिवस होता तो. डावा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळून वर टांगलेला, गालावर आणि हनुवटीवर भाजल्याचे बारीक बारीक ठिपके. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. मधलं राहील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नव्हते. सव्वीस वर्षांचा मुलगा. इथे जर्मनीत गार्चिंगला संशोधन करणारा, दिवस दिवस टेबलावर वाकून केसाएवढे स्क्रू फिरवत लेझरचा किरण जागेवर आणणारा. आणि तो पलंगावरून म्हणाला,

"सॉरी, आतोबा. माझ्यामुळे तुमची बंदूक फुटली. मी दोनदा दारू भरली कशी, मला खरंच आठवत नाही हो."

जयंतनं त्याच्या उजव्या खांद्यावर थोपटलं. "जाऊ दे रे. नवीन माणसाकडून होतं असं."

साधना खिडकीपाशी सफरचंद कापत होती. तिचा हात थांबला. भाच्याच्या हातात बंदूक आपण दिली, त्याची बोटं गेली, आणि वर त्यानंच आपली माफी मागायची? आणि आपण ती मुकाट्यानं पदरात घ्यायची? नवऱ्याला यात काही वावगं वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. तिनं फोडी बशीत ठेवल्या आणि काही बोलली नाही. न बोलणं तिच्या अंगवळणीच पडलेलं होतं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, साधनाताई घरात आहेत की नाहीत ते फक्त उदबत्तीच्या वासावरून कळतं.

झालं होतं ते असं. जयंत खांबेटे मूळचा राजापूरकडचा. त्याच्या वडिलांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. बागेत माकडं किंवा डुकरं शिरली की नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर शिशाची गोळी, लांब गजानं सगळं ठासायचं, मागे टोपी बसवायची आणि घोडा दाबायचा. वडिलांनी जयंतला त्या बंदुकीला कधी हात लावू दिला नाही, आणि ती हौस त्याच्या पोटात पन्नाशीपर्यंत मुरत राहिली. रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली, बस्तान बसलं, आणि मग त्याला शोध लागला की इथे अशाच बंदुकांची मंडळं असतात. फेराइन म्हणतात त्याला. दर शनिवारी म्हातारेकोतारे जमून कागदी चकत्यांवर बार काढतात. जयंतनं परीक्षा दिल्या, परवाने काढले, दारू बाळगायचा वेगळा दाखला मिळवला. शिकारीचाही परवाना काढला. रानात जाताना रायफल, मंडळात जाताना ठासणीची. इथे ठासणीच्या बंदुकीनं शिकारीला जाता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी सीमेपलीकडे जाऊन तेही करायचं असं त्याचं घाटत होतं.

साधनाची अट एकच. मारलेलं काहीही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. तसं कधी आलं नाही. वर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचा देव्हारा, खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्याचं कुलपाचं लोखंडी कपाट. संसार असा दोन मजल्यांवर सुखानं चालला होता.

त्या कपाटात दारू दोन जातींची असायची. एक काळी, कोळसा-गंधक-सोऱ्याची, ठासणीच्या बंदुकीची. ती उडाली की ढगाएवढा पांढरा धूर आणि कुजक्या अंड्यांचा वास. शनिवारी जयंत घरी आला की शर्टाला तोच वास असायचा. साधना ते कपडे वेगळे धुवायची. दुसरी बिनधुराची, हल्लीच्या रायफलींच्या काडतुसांत भरायची. दिसायला करड्या बारीक दाण्यांची, पण जोर कितीतरी पट. काळ्या दारूचं माप या दारूनं भरून जुन्या धाटणीच्या नळीत ओतलं, तर नळी फाटणार, त्यात जर-तर नाही.

हे साधनाला ठाऊक होतं, कारण मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात जयंत आणि हेर लोइबल, म्हणजे लोइबलसाहेब, यांची यावरूनच जुंपली होती. लोइबल एकाहत्तर वर्षांचा, मंडळात बार काढताना देखरेख करणारा. जयंत म्हणत होता, "तुम्ही लोक अजून शंभर-दीडशे वर्षांमागे आहात. अमेरिकेत बिनधुराच्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुका मिळतात. धूर नाही, घाण नाही, ओलीची भीती नाही."

"मिळू देत," लोइबल म्हणाला होता. "त्यांच्या नळ्या वेगळ्या. तुमची आणि माझी तशी नाही. काळी दारू चुकलेल्या माणसावर रागावते, हेर खांबेटे. दुसरी रागावत बसत नाही. त्या दोघी एका कपाटातसुद्धा ठेवू नका."

परत येताना गाडीत जयंत त्याची नक्कल करून हसला होता.

आणि मग तो शनिवार. उत्कर्ष नेहमीसारखा आत्याकडे जेवायला आला होता. जयंत म्हणाला, "चल, तुला एक गंमत दाखवतो." मंडळात दारूचा डबा न्यायला बंदी, घरूनच मोजून छोट्या कुप्यांत भरून न्यायची, एका कुपीत एक बार. जयंतनं केलरमध्ये जाऊन दहा कुप्या भरल्या. तिथे पोचल्यावर लोइबलनं उत्कर्षला जाड चष्मा घालायला लावला. जयंत म्हणाला, एवढं काही नको. लोइबल म्हणाला, मग बारही नको. त्या चष्म्यानं उत्कर्षचे डोळे वाचले. पहिल्याच बाराला नळी मागच्या बाजूनं फाटली.

सोमवारी पोलिसबाई घरी आल्या. फुटलेली बंदूक त्यांनी आधीच तज्ज्ञाकडे पाठवली होती. अहवालाला सहा आठवडे लागतील म्हणाल्या. केलरमधलं कपाट बघितलं, डबे बघितले, सगळं जागच्या जागी होतं. जयंतनं जबाब दिला: मुलानं गडबडीत दोन कुप्या ओतल्या असाव्यात, मी क्षणभर पाठ वळवली होती, आणि देखरेखीच्या माणसाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मंडळानं लोइबलला कळवलं, की चौकशी संपेपर्यंत तुम्ही इकडे फिरकू नका.

गुरुवारी सकाळी अकराला दाराची बेल वाजली. साधना पोथी बांधून उठत होती. दारात हेर लोइबल, हातात उत्कर्षची सॅक.

"ग्र्यूस गॉट, फ्राउ खांबेटे. ही मुलाची. तिकडेच राहिली होती. आत त्याचा जेवणाचा डबा होता. वास यायला लागला, म्हणून उघडला. धुतलाय."

तिनं डबा काढून पाहिला. तिचाच स्टीलचा डबा, पोळीभाजीचा. लख्ख घासलेला, आत कागदी रुमालाची घडी.

"आत या ना," ती म्हणाली. तिचं जर्मन बेताचं होतं, पण लोइबल हळू बोलायचा.

"नको. कसा आहे मुलगा?"

"दोन बोटं गेली."

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि हातातच धरून ठेवली. "भेटायला जायचं होतं. मंडळाचा वकील म्हणतो, जाऊ नका. एक गोष्ट सांगतो आणि निघतो. मी त्याच्यापासून एक मीटरवर उभा होतो. त्यानं एक कुपी ओतली. एकच. चाळीस वर्षं मी लोकांनी ओतलेल्या कुप्या मोजतोय, मला दुसरं काही येत नाही. आणि कुप्यांच्या पेटीत नऊ शिल्लक होत्या. भरलेल्या. ती पेटी तुमचे यजमान घेऊन गेले."

"मग नळी फुटली कशी?"

"फ्राउ खांबेटे," तो म्हणाला, "धूर झाला नाही."

तिनं हातातला डबा खाली ठेवला.

"काळी दारू असती, तर नळी फाटो नाही तर आभाळ फाटो, धूर व्हायलाच हवा. पांढरा. समोरचं काही दिसत नाही. मला तो मुलगा लगेच दिसला. खाली पडलेला, अगदी स्वच्छ दिसला. दिसायला नको होता."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"हो, हो, सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मंडळात म्हणाले, म्हातारा स्वतःला वाचवतोय." त्यानं टोपी घातली. "मी कुणावर काही आरोप करत नाही. मी फक्त जे नव्हतं ते सांगितलं."

तो जिना उतरून गेला तरी साधना दार धरून उभी होती. तिला तो शर्ट आठवत होता. रक्तानं माखलेला जयंतचा शर्ट शनिवारी रात्री तिनं गार पाण्यात भिजत घातला होता. घालायच्या आधी सवयीनं नाकाशी नेला होता. रक्ताचा वास होता. दुसरा कुठलाच नव्हता.

म्हणजे तिच्या नाकाला शनिवारीच कळलं होतं.

गुरुवारचा तिचा उपास. दुपारी वरीचे तांदूळ करून खायचे, ते तिनं केलेच नाहीत. भूकच नव्हती. राग तिला परका नव्हता, माणसाला येतोच. पण तो यायचा आणि नामस्मरणात विरघळून जायचा. आजचा विरघळत नव्हता. माळ हातात घेतली तर मण्यामण्याला तेच वाक्य यायला लागलं: सॉरी आतोबा, माझ्यामुळे तुमची बंदूक फुटली. तिनं माळ पिशवीत ठेवून दिली. देवासमोर बसून नवऱ्याचा हिशेब करत बसणं तिला बरं वाटेना.

पाचला जयंत आला. बूट काढायच्या आधीच तिनं विचारलं,

"अहो, त्या दिवशी धूर का नाही झाला?"

जयंतचा एक बूट हातात राहिला. "कोण म्हणालं असं?"

"कोण म्हणालं ते नंतर. झाला होता का?"

"तो म्हातारा आला होता ना इथे? त्याचं काय आहे, साधना, त्याच्यावर शेकलंय, त्यामुळे तो आता—"

"तुमच्या शर्टाला वास नव्हता."

जयंत स्टुलावर बसला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मग त्यानं एक एक तुकडा काढून दिला, जसा दुखरा दात काढू देतात तसा. मागच्या महिन्यात बिनधुराच्या दारूची प्लॅस्टिकची बरणी हातातून निसटली, तडकली. काळ्या दारूचा एक रिकामा डबा होता. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. त्यात ओतून ठेवली.

"डब्यावर छापलेलं काय?"

"काळ्या दारूचंच. पण मी झाकणावर पट्टी चिकटवून मराठीत लिहिलं होतं ना! 'बिनधुराची' म्हणून."

"झाकणावर."

"हो."

"आणि शेजारी काळ्या दारूचा दुसरा डबा. तसाच."

जयंतनं हातातला बूट खाली ठेवला.

"झाकणं बदलली."

"डबे पुसायला काढले होते. लावताना बदलली असतील. मी मुद्दाम केलं का?"

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी साधनाला सांगितलं होतं, नाव डब्यावर घालायचं, झाकणावर नाही. झाकणं कुणाचीही होतात. त्याच बाईचा हा मुलगा. एंजिनिअर.

"आणि एकट्या माझ्यावर काय येतेस?" जयंतचा आवाज चढला. "या घरात कशावर काय लिहिलंय आणि आत काय आहे, एक तरी गोष्ट जुळते का? कॉफीच्या बरणीत हिंग. आइस्क्रीमच्या डब्यात इडलीचं पीठ. जॅमच्या बाटलीत मोहरी. आपण सगळे असेच वाढलो. चांगला डबा फेकून कोण देतं?"

"हिंगानं कुणाची बोटं तुटत नाहीत."

"नकळत झालं गं ते!"

"नकळत झालं. मी त्याबद्दल बोलतच नाहीये. त्या चुकीबद्दल मी तुमच्यासाठी देवाला हात जोडले असते." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, इतका की जयंतला पुढे वाकून ऐकावं लागलं. "पोलिसबाई सोमवारी आल्या. तेव्हा झाकणं बरोबर लागलेली होती. कधी लावलीत?"

"शनिवारी."

"शनिवारी कधी?"

"संध्याकाळी."

"तो ऑपरेशनला आत होता. मी बाहेर बाकावर बसले होते. तुम्ही म्हणालात, घरी जाऊन त्याचे कपडे घेऊन येतो. तेव्हा?"

जयंतनं होकारार्थी मान हलवली.

"डॉक्टर आत त्याची बोटं कापत होते, आणि तुम्ही इथे खाली बसून झाकणं लावत होतात."

"मी घाबरलो होतो."

"आणि त्या नऊ कुप्या?"

"पाण्यात भिजवून ओतून टाकल्या."

रागाच्या भरात माणसं ओरडतात, वस्तू फेकतात, हे तिनं पाहिलं होतं. त्यांना त्यानं बरं वाटत असावं. तिला काही फेकावंसंही वाटेना. एवढंच वाटलं, की या माणसाला आपण सव्वीस वर्षं 'अहो' म्हणत आलो.

"हे बघ," जयंत आता समजुतीच्या सुरात आला. "गुन्हा दाखल होईल. दारूचा दाखला, शिकारीचा परवाना, दोन्ही जातील. कारखान्यात कळेल. अहवाल तर येऊ दे. कदाचित त्यात काही निघणारही नाही. उत्कर्षला मी कधी काही कमी पडू देणार नाही, शब्द देतो तुला."

"त्याला बोटं कमी पडणार आहेत."

"एवढी देवाधर्माची बाई तू, उपासाच्या दिवशी नवऱ्याला असं—"

"माझा गुरुवार मध्ये आणू नका." ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "परवा शनिवारी आपण त्याच्याकडे जातोय. तिथे तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. त्याला, आणि मग पोलिसांना. दोन दिवस आहेत तुमच्याकडे."

हे दोन दिवस देताना तिला वाटलं, आपण फार मोठं मन केलं. आपल्या माणसाला वर यायला एक पायरी तरी ठेवावी, असा तिचा विचार होता. तिला ठाऊक नव्हतं, की ती पायरी दुसऱ्याच कुणाच्या अंगावर ठेवलेली आहे.

शुक्रवारी दुपारी सांगलीहून तिच्या भावाचा, श्यामकांतचा फोन आला. उत्कर्षचे वडील. हायस्कूलमध्ये भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा माणूस.

"साधने, कसं तोंड दाखवू जयंतरावांना? एवढा शिकलेला पोरगा आणि इतका बेजबाबदार! दोनदा दारू ओतली म्हणजे काय? मी आयुष्यभर पोरांना प्रयोगशाळेत सांगत आलो, आधी माप, मग कृती. आणि माझ्याच घरात हे निघालं! जयंतरावांना पोलिसांचा ताप झाला, तो वेगळाच. त्यांना सांग, आम्ही दिलगीर आहोत."

खरं काय ते सांगायला साधनानं तोंड उघडलं. शनिवार, तिनं स्वतःला सांगितलं. उद्याच तर आहे.

"सांगशील ना?"

"दादा, तू त्याच्यावर चिडू नकोस," एवढंच ती म्हणाली.

"चिडू नको? कानउघाडणी करणार आहे मी चांगली!"

फोन ठेवल्यावर तिनं जयंतसाठी केलेला स्वयंपाक झाकून ठेवला. रात्री त्याला वाढलं. भाजीत मीठ कमी पडलं होतं. त्यानं ते सांगितलं नाही, मुकाट्यानं खाल्लं. एरवी सांगितलं असतं.

शनिवारी क्लिनिकमध्ये जाताना गाडीत जयंत म्हणाला, "सांगतो मी. बरोबर सांगतो. तू मध्ये बोलू नकोस."

उत्कर्ष उठून बसला होता. मधलं बोट वाचलं होतं. हात अजून टांगलेला, उजव्या हातात फोन. त्यानं हसून दोघांकडे बघितलं, आणि त्या हसण्यात बापाची बोलणी खाल्ल्याची खूण होती.

जयंतनं खुर्ची ओढली. घसा साफ केला. "उत्कर्ष, तुला जरा सांगायचं होतं. म्हणजे, हा जो प्रकार आहे ना, ठासणीच्या बंदुकीचा, त्यात काय असतं, नळीतला दाब… हल्ली अमेरिकेत बिनधुराच्या दारूवर चालणाऱ्या निघाल्यात, त्यांचं पोलाद वेगळं असतं. आल्झो, म्हणजे आपल्या जुन्या धाटणीच्या ज्या असतात, त्यांचं गणित…"

"गेनाऊ, अगदी बरोबर! मी पण तेच बघतोय," उत्कर्षनं फोन वर केला. "तीन दिवस तेच वाचतोय. एका हातानं टाइप करायला जाम वेळ लागतो, पण असो. आतोबा, गणित बसत नाहीये. काळ्या दारूची दोन मापं भरली तरी चांगली नळी सहसा एवढी फाटत नाही. म्हणजे मी दोन नाही, तीन ओतल्या असणार. किंवा चार. मला काहीच आठवत नाही, पण आकडे तसंच सांगतात. मी एवढा मूर्ख असेन असं मला वाटलं नव्हतं."

साधना जयंतकडे बघत होती. इतका उघडा दरवाजा कुणी कुणाला ठेवत नाही. आत पाऊल टाकायचं, एवढंच काम होतं.

"असेल," जयंत म्हणाला.

साधना उठली. पलंगाच्या पायथ्याचा दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला.

"एकच ओतलीस तू," ती म्हणाली. "एकच कुपी. लोइबलांनी मोजली. पेटीत नऊ उरल्या होत्या. तुझं काहीही चुकलं नाही. कुपीत काळी दारू नव्हती, रायफलची होती. ह्यांनी एका डब्यातली दुसऱ्यात ठेवली, झाकणं बदलली गेली, ह्यांनी न बघता भरली. आणि नंतर घरी जाऊन झाकणं नीट लावली आणि कुप्या ओतून टाकल्या."

एका दमात सांगितलं तिनं. तिच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यांत लांब बोलणं.

उत्कर्षच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं, विसरून राहिल्यासारखं. मग त्यानं विचारलं, "आतोबा?"

"नकळत झालं रे," जयंत म्हणाला. "मी आत्ता तेच सांगायला—"

"तुम्ही आत्ता 'असेल' म्हणालात."

"तसं नाही—"

"मी म्हणालो, मी तीन ओतल्या असणार. तुम्ही म्हणालात, असेल." उत्कर्षचा आवाज फाटला. "तीन दिवस मी माझा मूर्खपणा मोजतोय! किती ओतल्या म्हणजे आकडा जुळेल! हात गेला तो गेला, मला वाटायला लागलं डोकंच गेलं माझं. प्रयोगशाळेत परत पाय ठेवायची लाज वाटायला लागली मला. आणि तुम्ही रविवारी मला माफ केलंत! थोपटलंत इथे!" त्यानं उजव्या हातानं स्वतःचा उजवा खांदा दाखवायचा प्रयत्न केला, हातात फोन होता, तो निसटून चादरीवर पडला.

जयंत वाकून फोन उचलायला गेला. "हात लावू नका," उत्कर्ष म्हणाला.

मग तो साधनाकडे वळला.

"आत्या, तुला कधी कळलं?"

तिला वाटलं होतं, हा प्रश्न यायचा नाही. "गुरुवारी."

"आज शनिवार आहे."

"हो."

"काल रात्री बाबा अर्धा तास बोलत होते. मी त्यांची मान खाली घातली म्हणाले. आत्याशी बोलणं झालंय म्हणाले. तू त्यांना काय सांगितलंस?"

"मी म्हणाले, त्याच्यावर चिडू नकोस."

"बस?"

"मला वाटलं, ह्यांनी आपणहून सांगावं. म्हणून दोन दिवस दिले."

"कुणाचे दोन दिवस होते ते?"

तिनं नवऱ्यावर दया केली होती, आणि त्यासाठी लागले ते दिवस या मुलाच्या पदरचे घेतले होते, त्याला न विचारता. चूक नकळत झाली, हेसुद्धा तिला म्हणता येत नव्हतं.

"तुझे," ती म्हणाली.

उत्कर्षनं डोळे मिटले. गालावरचे भाजल्याचे ठिपके लाल झाले होते. डोळे न उघडताच तो म्हणाला, "आतोबा, पोलिसांना फोन करा. इथून. माझ्यासमोर. स्पीकरवर."

"शनिवार आहे, त्या बाई नसतील आज—"

"जे कुणी असेल त्याला सांगा. आणि आत्या, तू बाहेर जा. मला आत्ता तू पण नकोयस इथे."

ती गेली. दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आतून घंटी जाताना ऐकू आली, मग एक पुरुषी आवाज, मग जयंतचा. त्यानं नाव सांगितलं. पलीकडच्याला कळलं नाही. त्यानं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, का, हा, आ, एम, बे, जसं तो बँकेत, कारखान्यात, सगळीकडे सांगायचा. पलीकडच्यानं विचारलं, कशासंबंधी. आवाज पुन्हा आला, कशासंबंधी. मग जयंत जर्मनमध्ये म्हणाला, की सोमवारी मी दिलेला जबाब खोटा होता.

त्याच वेळी औषधांची गाडी ढकलत एक नर्स आली. आतलं बोलणं ऐकून तिनं भिडस्तपणे दार ओढून घ्यायला हात पुढे केला.

साधनानं दारात पाऊल घातलं. "नाइन," ती म्हणाली. "नको, उघडं राहू दे."

उजव्या हातानं ती पर्समध्ये फोन शोधत होती. सांगलीला आता दुपार असेल, दादा वामकुक्षी घेत असेल. उठवायला हवं होतं.